इमिग्रंट, एमिग्रंट आणि काकूंचा 'नॉन'

मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंचा अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म भरायला बसले होते. आमची इमारत ठाण्याच्या नौपाड्यातली, जुनी. दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या आणि सरकारी फॉर्म दोन्ही सामाईक. फॉर्मचं नाव डीएस-१६०. पहिलं पान उघडलं, काकूंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि मोठ्याने वाचलं, "नॉन-इमिग्रंट व्हिसा. म्हणजे आधीच नाही म्हणाले की काय? अजून तर नावही घातलं नाही आपण."

काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "अगं, इमिग्रंट म्हणजे बाहेर जाणारा. नॉन म्हणजे न जाणारा."

"मग न जाणाऱ्याला व्हिसा कशाला हो?"

काकांचं उत्तर चुकलं होतं, पण काकूंचा प्रश्न अगदी बरोबर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केलं, तेव्हापासून इमिग्रेशन हा शब्द ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या गप्पांत आहे. कुणाचा मुलगा न्यू जर्सीत, कुणाची सून टेक्ससमध्ये. शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तो येणाऱ्याला लावायचा की जाणाऱ्याला, असं विचारलं की निम्मे लोक अडखळतात. त्यात एमिग्रंट नावाचा त्याचा जुळा भाऊ आहे, आणि आपल्या उच्चारात दोघं हुबेहूब सारखेच ऐकू येतात.

आयात-निर्यात माहीत आहे ना? मग झालं

दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिन. 'मिग्रारे' म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बिऱ्हाड हलवणं. त्याच्या आधी 'एक्स', म्हणजे बाहेर, लावलं की झालं एमिग्रेट. 'इन', म्हणजे आत, लावलं की इमिग्रेट. 'इन'मधला न पुढच्या म ला भेटला की स्वतः म होतो. 'जगत्' आणि 'नाथ' मिळून 'जगन्नाथ' होतं, त्याच जातीचा हा संधी. म्हणून इंग्रजी स्पेलिंगमध्ये इमिग्रंटला दोन एम आहेत आणि एमिग्रंटला एकच. 'एक्स'चा क्स मात्र म समोर आला की गळून पडतो.

आपल्याकडे हेच 'या' धातूचं झालंय. या म्हणजे जाणं. 'आ' लावला की आयात, 'निर्' लावला की निर्यात. न्हावा-शेवाच्या बंदरात हापूसच्या पेट्यांचा एक गार कंटेनर बोटीवर चढतोय असं समजा. इकडचा कस्टमवाला कागदावर निर्यात लिहितो. तीच पेटी, तोच आंबा लंडनला उतरला की तिकडचा माणूस आयात लिहितो. आंब्यात काही फरक पडलेला नसतो, फार तर थोडा पिकलेला असतो.

माणसाचंही तसंच. ठाणे सोडून टोरोंटोला कायमचा राहायला गेलेला मुलगा ठाण्याच्या लेखी एमिग्रंट, टोरोंटोच्या लेखी इमिग्रंट. निदान शब्दकोशात तरी इतकं सरळ आहे.

एकाच माणसाला दोन नावं कशाला?

याचं उत्तर मला कोकणात सापडतं. चाकरमानी हा शब्द घ्या. गणपतीच्या आदल्या आठवड्यात ठाण्याच्या खोपट डेपोवर जा, पिशव्या, फटाके, नवे कपडे आणि रडकी पोरं घेऊन सावंतवाडी, कणकवलीच्या गाड्यांची वाट बघणारी गर्दी म्हणजे चाकरमानी. पण ठाण्यात कुणी ठाणेकर त्यांना चाकरमानी म्हणत नाही. इथे ते शेजारी, बँकेतले साहेब, गिरणीतले जुने कामगार. चाकरमानी ते फक्त गावाकडून बघताना. 'औंदा चाकरमानी कधी येतले?' असं विचारणारी आजी मालवणात असते. ज्या उंबऱ्यातून माणूस बाहेर पडला, त्या उंबऱ्याने ठेवलेलं हे नाव आहे. म्हणजे मराठीतला अस्सल एमिग्रंट.

इंग्रजीतही आधी एमिग्रंटच रुळला. अठराव्या शतकात अमेरिकेत येऊन उतरणाऱ्यांनाही सर्रास एमिग्रंटच म्हणत, कारण शब्द युरोपातून, सोडलेल्या उंबऱ्याकडून आलेला. पण ज्या देशात वर्षानुवर्षं लोक येतच राहतात, त्याला स्वतःच्या दारातून बघणारा शब्द लागतोच. जेरेमी बेल्कनॅप नावाच्या पाद्री-इतिहासकाराने न्यू हॅम्पशायरच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात, १७९२ साली, हे चक्क कबूल करून टाकलं. त्याने लिहिलं की इमिग्रेट, इमिग्रंट, इमिग्रेशन हे शब्द शब्दकोशांच्या शिस्तीत बसत नसले तरी लोकसंख्येबद्दल बोलताना फार सोयीचे पडतात, म्हणून आपण ते बेधडक वापरले आहेत. सोय झाली की व्याकरण मागून येतं. १८२८ मध्ये नोआ वेब्स्टरचा मोठा अमेरिकी कोश निघाला तेव्हा त्यात इमिग्रंट होता आणि त्याच्या अर्थात 'कायम वास्तव्यासाठी' ही अट होती. ही अट लक्षात ठेवा, काकूंचं उत्तर तिच्यातच दडलंय.

मराठीत याला काय म्हणायचं?

सरकारी मराठी-हिंदीत इमिग्रेशनला आप्रवासन म्हणतात आणि एमिग्रेशनला उत्प्रवासन. 'आ' म्हणजे इकडे, 'उत्' म्हणजे वर, बाहेर. शब्द ऐकायला जड आहेत, पण घडण पक्की आहे. आपल्याला ते विचित्र वाटतात कारण प्रवास म्हटलं की आज डोळ्यांसमोर एसटी येते. संस्कृतात प्रवास म्हणजे घर सोडून परमुलखात राहणं, 'वस्' म्हणजे राहणं यातून आलेलं. जिचा नवरा परदेशी आहे अशा नायिकेला प्रोषितभर्तृका म्हणतात, त्यातला 'प्रोषित' हाच. तेव्हा आप्रवासन हा शब्द अर्थाने फार नेमका आहे. तरी विमानतळावर कुणी 'आप्रवासनाची रांग कुठे हो?' असं विचारलं तर आजूबाजूचे वळून बघतील. मी इमिग्रेशनच म्हणते.

स्थलांतर हा तिसरा शब्द दोन्ही दिशांना चालतो आणि देशाची सीमा ओलांडलीच पाहिजे असंही नाही. साताऱ्याहून ऐरोलीला आलेलाही स्थलांतरितच.

मग काकू इमिग्रंट का नाहीत?

आता त्या 'नॉन'कडे येऊ. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात इमिग्रंट या शब्दाची व्याख्या उलटीकडून केली आहे. परदेशी माणसांचे काही ठरावीक वर्ग दिले आहेत आणि त्यांत न बसणारा प्रत्येक परका माणूस म्हणजे इमिग्रंट, असं म्हटलं आहे. हे वर्ग इंग्रजी अक्षरांनी मांडलेत. ए म्हणजे राजदूत मंडळी, बी म्हणजे कामाने किंवा सहज भेटीला आलेले पाहुणे, एफ म्हणजे विद्यार्थी, एच म्हणजे तात्पुरते कामगार. एच-वन-बी हे गूढ नाव दुसरं काही नाही, कायद्याच्या त्या यादीतला कलम, पोटकलम आणि त्याखालचा बी, इतकाच तो पत्ता आहे. या यादीतले सगळे नॉन-इमिग्रंट. म्हणजे येणारे, पण बिऱ्हाड घेऊन न येणारे. काकू बी.

पण त्याच कायद्यातलं २१४(बी) हे कलम भल्याभल्यांची झोप उडवतं. ते म्हणतं की, अर्जदार इमिग्रंट आहे असंच आधी गृहीत धरायचं, आणि आपण तसे नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. आपल्या लग्नाच्या हॉलवर 'जेवायला आलात की आहेर द्यायला?' असं दारातच विचारल्यासारखं आहे हे. पण नियम तो नियम. म्हणून मुलाखतीत घर कुणाचं, पेन्शन किती, मागे कोण आहे, असे प्रश्न येतात. काकूंना हे अपमानाचं वाटलं. "मी तिकडे राहीन? गॅलरीतल्या तुळशीला पाणी कोण घालेल?" मी म्हटलं, मुलाखतीत असंच सांगा, उत्तर उत्तम आहे.

लेक नऊ वर्षं तिकडे आहे, तिचं काय?

काका इथे पेपर बाजूला ठेवून सरसावले. "पोरगी नऊ वर्षं तिथे. घर घेतलं, गाडी घेतली. ती तरी इमिग्रंट ना?"

नाही. तिचा व्हिसा एच-वन-बी. कागदावर तीही नॉन-इमिग्रंटच. या व्हिसाची एरवीची मर्यादा सहा वर्षांची, पण ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचला असेल तर ती पुढे वाढवून मिळते. ग्रीन कार्ड म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. तो हातात आला की माणूस कायद्याने इमिग्रंट होतो. एका वर्षातल्या अशा परवान्यांपैकी साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना मिळत नाहीत, आणि भारतातले अर्जदार प्रचंड, म्हणून रांग वर्षानुवर्षं हलत नाही. एच-वन-बीवाल्यांना २१४(बी)च्या संशयातून मात्र सूट आहे. राहायची इच्छा बाळगून तात्पुरतं राहायला त्यांना कायद्याने मुभा आहे.

तेव्हा दोन आठवड्यांसाठी जाणाऱ्या काकू आणि नऊ वर्षं राहिलेली त्यांची लेक, दोघी एकाच शब्दाखाली. आणि ज्या शुल्काच्या बातमीला सगळे इमिग्रेशनची बातमी म्हणतात, ती कायद्याच्या भाषेत नॉन-इमिग्रंटांची बातमी आहे. शब्दकोशाचा अर्थ आणि कचेरीचा अर्थ असे कुठल्या कुठे जातात. माझ्या मते गोंधळाचं खरं मूळ इथे आहे. लॅटिन बिचारं साफ आहे.

आणि आपल्या कचेरीचा अर्थ?

तो आणखी निराळा. आमच्या सोसायटीच्या जिन्याचं ग्रिल बसवायला कळव्याचा एक वेल्डर आला होता. कतारला जायची खटपट चालली होती त्याची. चहा पिताना त्याने साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट काढला आणि एका जागी काळं पडलेलं बोट ठेवून हळूच विचारलं, "ताई, हे ईसीआर म्हणजे काही केस-बिस आहे का आपल्यावर?"

केस-बिस काही नाही. ईसीआर म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', नोकरीसाठी बाहेर जाण्याआधी तपासणी आवश्यक. इथे बघा, एमिग्रेशन, एक एमवालं. भारताच्या १९८३ च्या कायद्यात एमिग्रेट करणं म्हणजे नोकरी धरण्यासाठी भारताबाहेर जाणं. स्थायिक होण्याचा त्यात उल्लेखच नाही. दोन वर्षांच्या करारावर गेलेला आणि तिसऱ्या दिवाळीला परतणारा वेल्डर आपल्या कायद्याने पक्का एमिग्रंट. पण कतारच्या लेखी तो इमिग्रंट होत नाही, तिथे तो कराराचा कामगार, करार संपला की परत. म्हणजे एका दारातून बाहेर पडल्याची नोंद आहे आणि दुसऱ्या दारातून आत आल्याची नाही. आंब्याच्या पेटीचा हिशेब इथे मोडतो.

नियम असा, की दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर येतं. दहावी झालेले, आयकर भरणारे, पन्नाशी ओलांडलेले वगैरे त्यातून सुटतात. हे लागू पडणारे देश अठरा, मुख्यतः आखाती आणि इतर अरब, शिवाय मलेशिया, थायलंड, इंडोनेशियासारखे काही. या देशांत नोकरीला जायचं असेल तर उत्प्रवासी संरक्षक नावाच्या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. करार, पगार, मालक बघितला जातो आणि दहा लाखांचा प्रवासी विमा सक्तीचा असतो. नुसतं फिरायला किंवा भावाला भेटायला जायचं तर ही मंजुरी लागत नाही. आणि एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर बघता येतं. तेवढं बघ, असं मी त्याला दोनदा सांगितलं. जाताना तो म्हणाला, "आमचा माणूस तर म्हणतो टुरिस्टवर नेतो, मंजुरी-बिंजुरी नको." नेमकी हीच वाट धोक्याची. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्याचा करार कुठेच नोंदलेला नसतो, मग पगार अडला तर दाद कुठे मागणार?

'संरक्षक' हा शब्द नुसता शोभेला नाही, त्यामागे इतिहास आहे. १८३४ पासून भारतातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर करारी मजूर नेले गेले. करारालाच, अॅग्रीमेंटलाच, लोक गिरमिट म्हणू लागले आणि ते गिरमिटिये झाले. (सुताराचं भोक पाडायचं गिरमिट वेगळं, तेही इंग्रजीतूनच आलं.) फसवणूक, मारहाण, बोटीवरचे मृत्यू यांमुळे १८३७ पासून कायदे होत गेले आणि १९१७ मध्ये ही भरती थांबली. पुढे १९२२ चा कायदा, मग १९८३ चा. मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातले मराठीही होते. तिथे आजही मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

म्हणून आपल्याकडे जाणाऱ्यांसाठीच्या कायद्याचा सूर काळजीचा लागतो आणि येणाऱ्यांसाठीच्या कायद्याचा पहाऱ्याचा. १ सप्टेंबर २०२५ ला लागू झालेला परकीयांविषयीचा नवा कायदा १९४६ च्या कायद्यासह चार जुन्या कायद्यांच्या जागी आला, त्याच्या नावात मात्र दोन एमवालं इमिग्रेशन आहे.

पण जाताना सुद्धा 'इमिग्रेशन'ची रांग का?

हा आक्षेप रास्त आहे. बाहेर पडताना एमिग्रेशन म्हणायला हवं. पण आत येणाऱ्यांची आणि बाहेर जाणाऱ्यांची नोंद एकच खातं ठेवतं, त्याचं नाव इमिग्रेशन, म्हणून दोन्ही खिडक्यांवर तेच नाव. शिक्क्यावर आगमन की प्रस्थान ते लिहिलेलं असतं. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये विमानं उडू लागली. पनवेल-उलव्याच्या पोरांना ही रांग आता घराजवळची होणार, पण नाव तेच राहील. आणि खिडकीवर काहीही लिहिलेलं असो, सहलीला निघालेला माणूस एमिग्रंट नसतो, इमिग्रंटही नसतो.

एक्सपॅट म्हणजे कोण?

तोच 'एक्स' आणि 'पात्रिया', म्हणजे पितृभूमी. 'एक्स-पेट्रियट', म्हणजे देशप्रेम संपलेला, असा अर्थ काहीजण लावतात तो चूक. शब्दाचा अर्थ नुसता स्वदेशाबाहेर राहणारा. पण वापर बघा. मुंबईत बदलीवर आलेला गोरा मॅनेजर एक्सपॅट आणि लंडनमध्ये बदलीवर गेलेला आपला मॅनेजर इमिग्रंट, असं बोललं जातं. याचा दोष लॅटिनला देता येत नाही. तो बोलणाऱ्याचाच.

आणि ज्यांना जावंच लागलं ते?

त्यांना इंग्रजीत रेफ्यूजी म्हणतात. फ्रान्सने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांना दिलेली मोकळीक काढून घेतली, तेव्हा पळून इंग्लंडला आलेल्या ह्युगेनॉट लोकांबरोबर हा फ्रेंच शब्द इंग्रजीत रुजला. त्याच्या पोटात आसरा आहे. आपल्या निर्वासित शब्दात घर हिसकावलं जाणं आहे. एक शब्द पोचलेल्या जागेकडे बघतो, दुसरा सुटलेल्या.

ठाणे जिल्ह्याला हे समजावून सांगायला नको. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आणून ठेवली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. इतकी वर्षं झाली, तरी रिक्षावाला अजून 'कॅम्प चार, कॅम्प चार' ओरडतो. गंमत म्हणजे या लोकांच्या नागरिकत्वासाठी संविधानात जो सहावा अनुच्छेद आहे, त्यात इमिग्रंट नाही, एमिग्रंट नाही आणि रेफ्यूजीही नाही. पाकिस्तानातून भारतात 'मायग्रेट' झालेल्या व्यक्ती, इतकंच म्हटलंय. १९ जुलै १९४८ च्या आधी आलेल्यांना एक नियम, नंतर आलेल्यांना नोंदणी. ज्याचा जन्म अखंड भारतातला, त्याला परका समजून 'आत आला' कसं म्हणणार? तिथे उपसर्गच काढून टाकला. मला हा घटनाकारांचा फार शहाणपणाचा निर्णय वाटतो, ठरवून घेतलेला असो की नसो.

याच्या अगदी उलट उदाहरणही ठाण्यातलंच. १८७९ मध्ये बांधलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ इथे आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हटले गेलेले बेने इस्राएल ते हे. इस्राएल झाल्यावर त्यांतले बरेचजण तिकडे गेले. भारताच्या बाजूने ते एमिग्रंट. पण तिकडच्या हिब्रूत त्यांना इमिग्रंटसाठीचा साधा शब्द लावत नाहीत. त्यांच्या जाण्याला अलिया म्हणतात, म्हणजे वर चढणं. आणि इस्राएल सोडून जाणाऱ्याला उतरणारा. आपण घाटावर चढतो आणि खाली कोकणात उतरतो, पण ती निदान खरी चढ-उतार आहे. तिकडे ती मनातली. त्या चढून गेलेल्या लोकांनी तिथे मराठी नियतकालिक काढलं आणि वर्षानुवर्षं चालवलं.

काकूंचा फॉर्म रात्री साडेनऊला संपला. मधे एका रकान्यात किती दिवस राहणार असं विचारलं होतं. काका म्हणाले, सहा महिने टाक, तिकीट महाग आहे. काकूंनी माझ्या हातातला माउस स्वतःकडे ओढला आणि म्हणाल्या, "चौदा दिवस. तुळस."